गांधारासाठी पंचम

कॉर्नेट्टोला बोटं बासरीची लागतात आणि ओठ ट्रम्पेटचे. लाकडाचे दोन अर्धे भाग कोरून चिकटवलेली, वर कातडं चढवलेली ही बाकदार नळी. बोटांनी स्वर नुसता निघतो. जागेवर बसवायचा तो ओठांनी. माझं वाद्य जुन्या नमुन्यावरून घडवलेलं, म्हणजे नवंच. म्हणून ‘अस्सल प्राचीन नाद’ असं कुणी म्हटलं की मी विषय बदलतो. प्राचीन काही असेल तर ते मेळवण्यात.

आम्ही ज्याचं संगीत वाजवतो तो मिकोवाय ज्येलेन्स्की ग्न्येझ्नोच्या आर्चबिशपच्या पदरी, पोलंडमधल्या वोविचला, ऑर्गनवादक आणि वृंदप्रमुख होता. वर्षभराच्या उपासनेसाठी रचलेले त्याचे दोन लॅटिन संग्रह १६११ साली व्हेनिसला छापले गेले. त्यातलं ‘माग्निफिकात’, म्हणजे मेरीचं स्तोत्र, बारा आवाजांचं, तीन वृंदांत वाटलेलं. व्हेनिसची ही रीत त्याने चांगलीच पचवली होती.

या संगीतासाठी ऑर्गन मीनटोन पद्धतीने मेळवतात. पियानोवरचा गांधार शुद्धापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढा असतो. इथे तो नेमका, तानपुऱ्याच्या खरजातून आपोआप उमटतो तोच. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला एवढ्यानेच घरी आल्यासारखं वाटतं. पण पंचम? तो किंचित उतरवलेला असतो. गांधार शुद्ध राहावेत म्हणून पंचमांनी सोसायचं, असा हा व्यवहार. माझे ओठ आपसूक शुद्ध पंचमाकडे जातात आणि ऑर्गनशी बारीक कंप सुरू होतो. सरावात मी इतर कशापेक्षाही याच्याशी जास्त झगडतो. लांबलेल्या स्वरसंघात ऑर्गनचं ऐकायचं. चालत्या ओळीत मात्र मी मुभा घेतो, तिथे कान तेवढा थांबतच नाही.

दुसरा प्रश्न वाटणीचा. बारा गायक उभे करावेत, की एका वृंदात वरची ओळ कॉर्नेट्टोला आणि खालच्या ट्रॉम्बोनना द्याव्यात? जुन्या ट्रॉम्बोनचं तोंड लहान, नळी अरुंद. तो गायकाला झाकत नाही. तरी प्रत्येक वृंदात निदान एक माणूस शब्द म्हणणारा हवाच, असं माझं मत. नाहीतर तीन दिशांनी प्रार्थना नव्हे, नुसता थाट येतो. आमच्यातले काही वादक हे मानत नाहीत. त्यांचा वृंद नुसत्या वाद्यांचा असतो, आणि ऐकायला देखणा असतो, हेही खरं.