तीनपैकी दोन
माझा आजार सगळ्यात आधी कुणी ओळखला असेल तर पॉवर हाऊसजवळच्या पार्लरवालीने. हनुवटीवर दोरा फिरवताना म्हणाली, "इतके राठ केस दर आठवड्याला? डॉक्टरला दाखव, बेटा." आईचं म्हणणं, आपल्या घराण्यातच केस जास्त. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबायची, त्यावरही उत्तर तयार होतं: लग्न झालं की सगळं सुरळीत होतं. शेजारच्या ओडिया काकूंचंही मत तेच. भिलाईच्या कॅम्प-१ मध्ये भाषा किती, पण या बाबतीत भलतीच एकी.

एका दवाखान्यात सोनोग्राफी लिहून दिली. पाणी पिऊन ओटीपोट तट्ट फुगलेलं आणि नंबर काही लागेना. रिपोर्टात 'पीसीओडी' आलं तशी आईने गोंदियाला मावशीला फोन लावला, "हिच्या अंडाशयात गाठी निघाल्या गं!" बोलणं थेट ऑपरेशनपर्यंत गेलं.

दुर्गच्या डॉक्टरबाईंनी मात्र रिपोर्ट बाजूला ठेवून पाळीच्या तारखा विचारल्या. मग हनुवटी, मान, वजन, बीपी. या गाठी नव्हेतच, म्हणाल्या. अर्धवट वाढून थांबलेल्या बीजपुटिका आहेत. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची लक्षणं आणि सोनोग्राफीतलं चित्र, या तीनपैकी दोन गोष्टी हव्यात, असा २००३चा रॉटरडॅमचा निकष आहे. माझ्या पहिल्या दोन जुळत होत्याच. फक्त थायरॉइड, प्रोलॅक्टिन वगैरे दुसरी कारणं नाहीत ना, हे रक्त तपासून बघायचं होतं. म्हणजे ते पाणी पिणं फुकटच गेलं.

साखरेची तपासणी मात्र त्यांनी सोडली नाही. उपाशीपोटी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात ढवळून प्यायचं आणि दोन तास बाकावर बसून राहायचं. शेवटचा घोट घशाखाली उतरत नव्हता. उपाशीपोटीची साखर ठीक, दोन तासांनंतरची १५२. हवी होती १४०च्या आत. हा जाड मुलींचा आजार, असं म्हणणारे गप्प झाले, कारण मी काडीपैलवान. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. त्या जास्तीच्या इन्सुलिनमुळे अंडाशय पुरुषी संप्रेरकं वाढवतं. मग बीज पिकत नाही आणि हनुवटी पिकते.

गोळ्यांचं नाव ऐकून आई हबकली. "लग्नाआधी गर्भनिरोधक?" पाळी महिनोन्‌महिने आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, पुढे कॅन्सरचा धोका वाढतो, या गोळ्यांनी ते वेळच्या वेळी निघून जातं आणि केसांनाही आळा बसतो, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. त्याआधी अर्धशिशी आहे का, घरात कुणाच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती का, हे विचारून घेतलं. सोबत मेटफॉर्मिन. सुरुवातीला या गोळीने पोटाचा पार बोजवारा उडवला. जेवणानंतर घ्यायला लागले तशी सवय झाली. सकाळची बासी, म्हणजे रात्री पाण्यात भिजवून ठेवलेला भात, आणि दोन्ही वेळचा भात, हे इथलं आमचं जेवण. भात बंद करायचा नव्हता. वाटी लहान झाली, डाळ-भाजी वाढली आणि रोजचं चालणं आलं. केस कमी व्हायला सहा महिने तरी लागतात, हे आधीच सांगितलं ते बरं झालं.

मूल हवं असेल तेव्हा बीज तयार होण्यासाठी लेट्रोझोलसारखी गोळी देता येते, हे आईने दोनदा विचारून पक्कं केलं. तरी स्थळ आलं की हे सांगायचं नाही, असं तिचं नि मावशीचं ठरलंय. फाईल आईने कपाटात कुलूपबंद ठेवली आहे. मी सांगणार आहे; झेरॉक्स काढून ठेवल्यात.