लाकूड नसलेला दर्यावर्दी देश

ओमानमधल्या रास अल-जिन्झला सापडलेला डांबराचा एक तुकडा मी हातभर अंतरावरून पाहिला आणि बराच वेळ तिथून हललो नाही. एका अंगाला कवचाचे बारीक जीव घट्ट चिकटलेले, होडीच्या बुडाला चिकटतात तसेच. दुसऱ्या अंगाला बोरूच्या मोळ्यांचे आणि त्या आवळणाऱ्या दोरांचे ठसे. होडी केव्हाच कुजून गेली, पण सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी ती खाऱ्या पाण्यात होती याची साक्ष हा तुकडा देतो. त्याच ठिकाणी हडप्पा संस्कृतीची खापरेही मिळाली आहेत.

अरबी समुद्राच्या जहाजांचा अभ्यास करताना मला ओमानचे एक कोडे सतत खुणावत राहिले. या देशात जहाजाजोगे लाकूड जवळजवळ नाही. पाठीशी हजरचे उघडेबोडके डोंगर, पलीकडे वाळवंट. डोंगरात तांबे मात्र होते. ‘मगान’चे (म्हणजे याच प्रदेशाचे) तांबे म्हणून प्राचीन मेसोपोटेमियात त्याला मागणी असे. विकायला धातू आणि जायला फक्त समुद्र, मग माणसे दर्यावर्दी होणारच.

लाकूड आले आपल्या बाजूने. मलबारचा साग, नारळाच्या काथ्याचा दोर. फळ्यांना काठाकाठाने भोके पाडायची आणि त्या काथ्याने शिवायच्या, खिळा नाही. असे तारू लाटेच्या दणक्याने थोडे लवते, पण फुटत नाही. ओमानच्या सूर बंदरात बांधलेले ‘सोहार’ हे असेच शिवलेले जहाज 1980-81 मध्ये थेट चीनच्या ग्वांगझूपर्यंत गेले.

वेळापत्रक वाऱ्याचे. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की सूर, मस्कतहून आफ्रिकेकडे शिडे उभारायची आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर घरी परतायचे. ऐन पावसाळ्यात समुद्र बंद. नारळी पौर्णिमेची वाट पाहणाऱ्या कोळ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. शब्दही एकाच पाण्यातले आहेत: आपला मोसम अरबीतला ‘मौसिम’, सुकाणू हा ‘सुक्कान’. आपला नाखवा फारसीतून आला, आणि तिकडचा कप्तानही ‘नोखदा’च.

1507 मध्ये पोर्तुगीजांनी मस्कत घेतले. 1650 मध्ये ओमानच्या यारुबी इमामांनी त्यांना हाकलले आणि 1698 मध्ये पूर्व आफ्रिकेतला त्यांचा मोंबासाचा किल्लाही जिंकला. पुढे ओमानचा सुलतान सय्यद सईद याने आपली गादी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबारला नेली. तिथल्या व्यापारात लवंग आणि हस्तिदंत यांबरोबर गुलामही होते. ओमानच्या दर्यावर्दीपणाचे मला मनापासून कौतुक आहे, म्हणूनच हे पान गाळून लिहिणे मला अप्रामाणिक वाटते.

सईदच्या काळातही लाकडाचे कोडे तसेच होते, आणि उत्तरही तेच. त्याची ‘लिव्हरपूल’ ही 74 तोफांची युद्धनौका 1826 मध्ये मुंबईच्या गोदीत, जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्याच्या हाताखाली, सागवानात तयार झाली. 1836 मध्ये त्याने ती ब्रिटनच्या राजाला भेट दिली. तिथे तिचे नाव बदलले, ‘इमाम’.