दार उघडण्याचा दिवस : केनवड ते कारंजा

रिसोड तालुक्यातील केनवड हे रस्त्यावरचे गाव. मेहकरकडून मालेगावकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्याने वाहने सतत धावत असतात. पण वास्तू पाहण्यासाठी म्हणून या गावाशी कोणी थांबत नाही. 18 एप्रिल उजाडतो तेव्हा वऱ्हाडातील उन्हाळा भरात आलेला असतो, शेते उलंगलेली असतात. तो दिवस जागतिक वारसा दिन होय, आणि त्या दिवशी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या वास्तू विनामूल्य खुल्या असतात, ही वार्ता वर्तमानपत्रांतून येथेही पोहोचते. मात्र वऱ्हाडातील बहुतेक पुरातन वास्तूंना मुळात तिकीटच नाही. जेथे शुल्क नाही तेथे शुल्कमाफीचे अप्रूप ते काय? येथील प्रश्न तिकिटाचा नसून कुलपाचा आहे.

वर्षातून एकदा शहरातील नामांकित इमारतींची दारे सर्वांसाठी उघडावीत, ही प्रथा आधुनिक काळात युरोपात रुजली. फ्रान्सने 1984 साली असा दिवस पाळण्यास आरंभ केला; लंडनमध्ये 1992 पासून असा उपक्रम चालत आला आहे. एरवी ज्या कचेऱ्यांच्या व वाड्यांच्या उंबरठ्याशी पहारेकरी अडवतो, तेथे त्या दिवशी सामान्य नागरिक जिने चढून जातो. मुंबईनेही आपल्या परीने हे पाऊल उचलले. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी उभारलेली, 1893 साली पूर्ण झालेली महानगरपालिकेची भव्य इमारत जानेवारी 2021 पासून शनिवार-रविवारी मार्गदर्शकासह पाहण्याची सोय झाली. ज्या सभागृहाविषयी मुंबईकर जन्मभर केवळ वाचत आला, तेथील कोरीव लाकूडकाम त्याला प्रथमच डोळे भरून पाहता आले.

केनवडच्या परिसरात असे प्रासाद नाहीत. परंतु मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथून जवळच आहे, आणि बंद दार म्हणजे काय हे शिरपूरइतके दुसऱ्या कोणत्या गावाने जाणले असेल?

गावाबाहेरचे पवळी मंदिर दगडी, हेमाडपंती धाटणीचे. अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती एलिचपूरच्या राजाला नदीकाठी लाभली. मागे वळून न पाहण्याच्या अटीवर तो ती आपल्या नगरीस नेऊ लागला, परंतु शिरपूरपाशी त्याचा विश्वास डळमळला, त्याने मागे पाहिले आणि मूर्ती तेथेच अधांतरी स्थिरावली, अशी कथा पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. गावातील ज्या मंदिरात आज ती श्यामवर्ण मूर्ती विराजमान आहे, त्याचे दार दोन परंपरांच्या वादात 1981 साली बंद झाले. पुढील सुमारे 42 वर्षे दूरदूरचे यात्रेकरू लहानशा झरोक्यातून दर्शन घेऊन परतत राहिले. फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दार उघडण्याचा मार्ग मोकळा झाला. वादातील बाजूंचा विचार येथे प्रस्तुत नाही. एवढे मात्र खरे की, 1981 साली जन्मलेले मूल चाळिशी ओलांडेपर्यंत त्या उंबऱ्याच्या आत जाऊ शकले नव्हते.

त्याच जुन्या हमरस्त्याने मालेगाव, शेलूबाजार मागे टाकीत पुढे गेले की कारंजा लागते. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून हे गाव दत्तभक्तांना वंद्य; जैन समाजात ते सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन भट्टारक-परंपरांचे पीठ म्हणून विख्यात आहे. तिन्ही मंदिरे आजही उभी आहेत. काष्ठासंघ मंदिरातील लाकडी कोरीवकाम निरखणाऱ्याचा वेळ कसा सरतो, ते कळत नाही. परंतु कारंज्याचे खरे वैभव भिंतींत नाही. ते ग्रंथभांडारांच्या कपाटांत, कापडी वेष्टनांत बांधलेले आहे.

ही कपाटे विद्वानांसाठी उघडली ती विसाव्या शतकात. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची जी सूची 1926 साली प्रसिद्ध केली, तीत कारंज्याच्या पोथ्यांची नोंद झाली. अमरावतीच्या महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन हे दुसरे. नामसाधर्म्यामुळे या दोघांची गल्लत वारंवार होते. पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ डॉ. परशुराम वैद्यांच्या संपादनाने 1931 साली, तर ‘णायकुमारचरिउ’ डॉ. जैन यांच्या संपादनाने 1933 साली बाहेर पडले. अपभ्रंश भाषा मराठीच्या पूर्वजांपैकी एक. तिचे हे वाङ्मय वऱ्हाडातल्या कपाटांत शतकानुशतके निजलेले होते.

षट्खंडागमाची हकीकत याहूनही विलक्षण आहे. त्यावरील धवला टीकेसह त्याची ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्री येथे होती. शतकानुशतके भाविकांना त्यांचे केवळ दर्शन घडे, वाचन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नक्कल करण्याचे काम सुरू झाले आणि प्रती हळूहळू बाहेर पसरल्या. त्यांतील एक कारंज्याच्या महावीर ब्रह्मचर्याश्रमात आली. 1918 साली स्थापन झालेल्या या आश्रमाची प्रत, अमरावतीची प्रत आणि आरा येथील प्रत समोर ठेवून डॉ. जैन यांनी संपादन केले. पहिला भाग 1939 साली अमरावतीहून प्रसिद्ध झाला आणि सोळावा 1958 च्या सुमारास. मूडबिद्रीचे बंद दार अशा रीतीने वऱ्हाडात उघडले.

आणि येथे एक गोष्ट ध्यानात येते. वर्षातून एक दिवस कपाटे उघडण्याची रीत लंडनहून आणण्याचे जैन समाजाला कारण नव्हते. पुष्पदंत व भूतबली या आचार्यांनी षट्खंडागम पूर्ण केला तो ज्येष्ठ शुद्ध पंचमीचा दिवस. दिगंबर परंपरेत ती श्रुतपंचमी. श्वेतांबर परंपरेत कार्तिक शुद्ध पंचमी ही ज्ञानपंचमी. पोथ्या बाहेर काढाव्यात, धूळ झटकावी, कसर लागली आहे का ते पाहावे, वेष्टने बदलावीत आणि मग पूजा करावी, असा हा परिपाठ. त्यात भक्ती आहे, तशीच जतनाची व्यवहारबुद्धीही आहे. कार्तिकात तर पावसाळ्याची दमट हवा नुकतीच ओसरलेली असते. अलीकडे बऱ्याच ठिकाणी चौरंगावर एखादा छापील ग्रंथ ठेवून, अर्घ्य वाहून विधी उरकला जातो. हस्तलिखितांची कपाटे तशीच राहतात. पूजा होते, पण वाळवीला ते ठाऊक नसते.

कारंज्यासारख्या गावी त्या दिवशी मंदिरांचे मंडप, लाकडी खांब आणि भांडारातील चार पोथ्या गावातल्या साऱ्यांना, शाळेतल्या मुलांना दाखवता येतील. त्यासाठी इमारत बांधावी लागत नाही की निधी गोळा करावा लागत नाही; किल्ली असलेल्या गृहस्थांनी दिवसभर दारात बसावे लागते, एवढेच.

जुनी पोथी उघडण्याचीही रीत आहे. वेष्टनाची दोरी सोडून आधी वरची लाकडी फळी बाजूला ठेवतात. सुटी पाने एकेक करून उलटतात, ओले बोट लावीत नाहीत. शेवटच्या पानावर लिपिकाराने बहुधा आपले नाव, गाव व तिथी लिहिलेली असते. पान मोजून झाले की फळी पुन्हा वर येते, आणि दोरीची गाठ पुढच्या पंचमीपर्यंत बसते.