मिशन-बंगल्यातील मुले

हिस्लॉप हे नाव नागपुरात कोणास नव्याने सांगावे लागत नाही. १८८३ साली निघालेल्या कॉलेजास ते दिले गेले. पाषाणशास्त्राचे जाणकार एका खनिजालाही त्याच नावाने ओळखतात. टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परत येताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी पुराने भरलेल्या ओढ्यात हे स्कॉच पाद्री बुडाले, ही हकीकतही पुष्कळांनी ऐकलेली असते. परंतु १८४४ साली इरॅस्मा नावाच्या तरुणीशी विवाह करून त्याच वर्षी ते तिच्यासह जहाजात बसले, आणि पुढच्या वर्षाच्या आरंभी ते नागपुरास आले, हे सहसा कोणी सांगत नाही. तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते आणि आगगाडी यावयास अजून बावीस वर्षे होती. अशा ठिकाणी त्या नवपरिणीतेने चूल कशी मांडली असेल? थोर माणसांच्या चरित्रांत घराला जागा मिळते ती बहुधा तळटीपेत.

इंग्रजीचा अध्यापक या नात्याने मिशनऱ्यांची चरित्रे व पत्रे मी बरीच वाचली. प्रथम भाषेसाठी वाचली. पुढे मात्र त्यांत मधूनच डोकावणाऱ्या मुलांसाठी वाचू लागलो. बाप सकाळी बाजारात उपदेशास जाई, आई मुलींच्या शाळेत किंवा औषधांच्या पेटीपाशी गुंतलेली असे, आणि बंगल्याच्या व्हरांड्यात मूल आयेच्या हवाली असे. मग त्याच्या तोंडी पहिले शब्द कोणाचे यायचे? आयेचेच. इंग्रजीत प्रार्थना म्हणावयाची आणि भूक लागली की मराठीत रडावयाचे, असा तो द्वैभाषिक संसार होता. पाणी उकळून घ्यावे, मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात, उन्हात टोपीवाचून पाऊल टाकू नये, हे त्या घरचे आन्हिक. वैशाखात दारांना खसाच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडीत. आत अंधाऱ्या गारव्यात आई चित्रांचे पुस्तक उघडून बसे; पुस्तकात बर्फ पडत असे आणि ताटीपलीकडे लू वाहत असे. ज्या देशास ते मूल कधी गेले नव्हते त्याला त्याने 'घर' म्हणावे, आणि ज्या अंगणात ते रांगले त्याला परदेश, अशी ती शिकवण होती.

सहा-सात वर्षांचे झाले की मूल मायदेशी पाठवीत. हवेची भीती होती, शिक्षणाची अडचण होती. आणखी एक भीती पत्रांतून हलकेच सूचित होते, ती अशी की मूल फार 'इकडचे' होईल. कधी आई बरोबर जाई, कधी परतणाऱ्या एखाद्या कुटुंबाच्या स्वाधीन मुलाला करीत. सुएझचा कालवा १८६९ साली खुला झाला. त्यापूर्वी आफ्रिकेला वळसा घालून जाणारे जहाज महिनेच्या महिने समुद्रावर असे. मुंबईच्या अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल यांनी १८२५ साली आपली पत्नी व दोन मुले अमेरिकेस धाडली. त्यांतला एक मुलगा वाटेतच गेला. पुढल्याच वर्षी मार्चमध्ये नाशिककडच्या दौऱ्यात हॉल पटकीने वारले. उरलेल्या मुलाला वडील पुन्हा दिसले नाहीत.

मिशनऱ्यांविषयी आमच्या वाडवडिलांच्या मनात अढी होती आणि ती निष्कारण नव्हती, असे मी आजही म्हणेन. दुष्काळाने वाकलेल्या माणसापुढे भाकरीबरोबर धर्मही ठेवावा, हे मला कधी रुचले नाही. तथापि त्यांच्या त्यागाची जी स्तुती होते, तिच्यावर माझा आक्षेप निराळा आहे. आईबापांनी जे सोडले ते आपखुषीने सोडले. मुलांना कोणी विचारले होते? पुढे १९०१ साली कोडाईकनाल येथे अमेरिकन मिशनऱ्यांनी आपल्या मुलांसाठी शाळा काढली, तेव्हा कुठे साता समुद्रांची ताटातूट काही घरांपुरती एका आगगाडीच्या प्रवासावर आली. हा प्रश्न त्यांनाही खुपत होता, एवढे त्यावरून दिसते.

आश्चर्य असे की ही मुले परत येत. रॉबर्ट ॲलन ह्यूम १८४७ साली मुंबईत जन्मले. ते सात वर्षांचे असताना आजारी वडिलांसह कुटुंब अमेरिकेस निघाले. वडील वाटेत जहाजावरच वारले. मुलगा तिकडे येल येथे शिकला, आणि १८७४ साली अहमदनगरला येऊन सुमारे अर्धशतक तेथे राहिला. याच घराण्याच्या तिसऱ्या पिढीतले रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम, जन्म मुंबईचा, यांनी १९२१ साली तेरा उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. जस्टिन ॲबट हेही मिशनरी आईबापांचे पुत्र. निवृत्तीनंतर अमेरिकेत बसून ते एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई इंग्रजीत उतरवीत राहिले. व्हरांड्यातल्या आयांचे ऋण यात किती, हे कोण मोजणार?

हे सारे मला आज आठवण्याचे कारण घरगुती आहे. माझी कन्या एडिंबरोस असते. म्हणजे हिस्लॉपच्याच मुलखात. तिचा मुलगा चार वर्षांचा आहे. आम्ही मराठीत विचारतो, तो इंग्रजीत उत्तर देतो. दोघांच्याही नोकऱ्या, तेव्हा दोन वर्षे त्याला आजीआजोबांपाशी नागपुरास ठेवावे, भाषाही येईल, असे तिने सुचविले. आमच्या सौभाग्यवतींनी त्याच दिवशी माळ्यावरची लाकडी घसरगाडी उतरवून पुसून ठेवली. मी मात्र रुकार दिला नाही.

"अहो, त्या पाद्र्यांच्या मुलांची पत्रे सहा-सहा महिन्यांनी येत," ती म्हणाली, "हा तर रोज संध्याकाळी पडद्यावर आपल्या आईला पाहील."

"पाहील," मी म्हटले, "पण ताप आला म्हणजे पडद्यावरच्या आईचा हात कपाळावर कसा यायचा?"

"आणि मराठी?"

यावर माझ्यापाशी तत्काळ उत्तर नव्हते. मराठी जावी असे मला मुळीच वाटत नाही; ज्याने जन्मभर परक्या भाषेवर पोट भरले त्याला तर आपल्या भाषेची किंमत अधिकच कळते. पण भाषेसाठी मुलाला आईपासून तोडावयाचे, तर धर्मासाठी तोडणाऱ्यांना मी आजवर जे बोल लावले ते गिळावे लागतील. दोन दिवस घरात अबोला होता. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "मग आयाच तिकडे जाऊ दे की!"

तसेच ठरले आहे. मूल तिथेच राहील, आणि आजी सहा महिने जाऊन येईल, पुढचे पुढे. सध्या आमच्या घरी सामानाच्या वजनाचा हिशेब चालू आहे. मेतकूट आणि भाजणीसाठी तीन किलो राखून ठेवले गेले आहेत. बालगीतांच्या पुस्तकांसाठी मी केलेला अर्ज अद्याप विचाराधीन आहे.