यंत्राचा दुभाषी

बाजारांतून नवें यंत्र आणतांना आपण त्याची किंमत विचारतों, हमी विचारतों. त्याचा दुभाषी कोण, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. संगणकास प्रत्येक यंत्राची भाषा आपोआप कळत नसते. दोघांमध्यें एक लहानसा प्रोग्राम बसून एकाचें बोलणें दुसऱ्यास समजावितो. त्यासच ड्रायव्हर म्हणतात.

आमच्या शाळेंतील संगणक लिनक्सवर चालतात. त्यांस लावावयाचे दोन वायफाय अडॅप्टर आम्हांपाशीं होते. एकाच्या निर्मात्यानें ड्रायव्हर दिला, परंतु त्याचें मूळ लिखाण गुप्त ठेविलें. पुढें लिनक्सची नवी आवृत्ति आली, निर्मात्यानें मौन धरिलें, आणि निकोप अडॅप्टर निरुपयोगी झाला. दुसरा त्याहून जुना. पण त्याचा ड्रायव्हर खुला असल्यामुळें कोणा दूरदेशींच्या माणसानें तो वेळोवेळीं सुधारिला, व तो अद्याप चालतो. पहिल्याच्या जागीं नवा घेण्याचा खर्च मुलांच्या फीमधूनच झाला.

लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, लिनस टोरवाल्ड्स यांनीं हेलसिंकी येथें विद्यार्थी असतांना १९९१ सालीं लोकांपुढें ठेविला आणि १९९२ सालीं जी.पी.एल. परवान्याखालीं आणिला. त्या परवान्याचें सार असें : वापरा, वाचा, बदला, मात्र दुसऱ्यास द्याल तर मूळ लिखाणही द्या. कर्नेलला जोडला जाणारा भाग, म्हणजे मॉड्यूल, आपला परवाना स्वतः सांगतो. तो बंद असला तरी कर्नेल त्यास हांकलून देत नाहीं. पण स्वतःवर ‘टेंटेड’, म्हणजे डागाळलेला, अशी खूण करून ठेवितो, व आपल्या कांहीं सोयी जी.पी.एल. मॉड्यूलांसच देतो. कारण उघड आहे : जें वाचतां येत नाहीं, त्यांतील दोष शोधावा कसा?

आपली युक्ति प्रतिस्पर्ध्याच्या हातीं पडेल, ही निर्मात्यांची भीति अगदींच खोटी नव्हे. तथापि एनव्हिडिया कंपनीनें मे २०२२ मध्यें आपलीं कर्नेल मॉड्यूलें खुलीं केलीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

पालकांस आमची विनंती इतकीच कीं, खरेदीच्या वेळीं ड्रायव्हर खुला आहे काय, एवढें विचारावें. आणि मुलांनो, तो दूरदेशींचा माणूसही एकेकाळीं तुमच्यासारखाच विद्यार्थी होता. पुढें तुम्हीं एखादा ड्रायव्हर लिहिलात, तर मागून येणाऱ्यांस तो वाचतां येईल असा ठेवा.