दार लावून धरलेला उपवास

"आमची पणजी सांगायची, दारफळणीच्या सणाला घराचं दार उघडायचंच नाही." अलिबागकडच्या एका इस्राएली बाईंचं हे बोलणं मनात घर करून राहिलं, आणि त्यापायीच योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यूंच्या त्याच उपवासाच्या सणाच्या, आदल्या रात्री मी पुण्यात स्वारगेटला उतरलो. स्टँडजवळच्या लॉजवर ओलसर वासाची चादर आणि रात्रभर हॉर्न. उजाडताच बाहेर पडलो. सेव्हन लव्हज चौक, नेहरू रस्ता, रास्ता पेठ. कॅम्पातलं लाल देऊळ, डेव्हिड ससूननी बांधायला घेतलेलं सिनेगॉग, सगळेच बघतात. मला १९२१चं, बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, 'सुक्कथ शेलोमो' सिनेगॉग हवं होतं.

दिवस त्यांच्या प्रार्थनेचा, म्हणून आत जायचा हट्ट धरला नाही. फाटकातून एक आजोबा आत गेले. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, पांढरी विजार आणि पायात कापडी बूट. या दिवशी चामडी पादत्राणं वर्ज्य.

कोकणात बेने इस्राएलांच्या पूर्वजांपाशी कित्येक शतकं ना हिब्रू ग्रंथ होता, ना रब्बी, ना सिनेगॉग. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव 'शनवार तेली' म्हणे. ओठांवर 'शेमा' ही प्रार्थना तेवढी टिकली. तरी तिश्री महिन्याची दहावी, हा उपवासाचा दिवस, सुटला नाही: न्हाणं, पांढरे कपडे, संध्याकाळी दार बंद; दुसऱ्या रात्री चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. पुढचा दिवस शिळा सण, दानधर्माचा आणि गाठीभेटींचा.

हाइम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७मध्ये समाजाचा इतिहास लिहिला. छापला गेला १९३७ साली. त्यांचं म्हणणं, हनुक्का हा ज्यूंचा सण या लोकांना ठाऊक नव्हता, म्हणजे तो सण सुरू होण्याआधीच, इ.स.पू. १७५च्या सुमारास, पूर्वज मायदेशातून निघाले. मला हे पटत नाही. ठाऊक असलेला सणही परमुलखात विसरता येतो. टिकतं ते बिनभांडवलाचं. उपवासाला पोथी लागत नाही, पुरोहित लागत नाही. घर आणि निश्चय पुरे. यावरून कोण केव्हा निघालं हे कळणार नाही, पण कोणी काय जिवापाड सांभाळलं ते कळतं.

पुढे १७९६मध्ये समाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. ज्या दिवशी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, त्याच दिवशी आता साऱ्यांनी एका छपराखाली जमायचं! त्या पहिल्या वर्षी घराची कडी काढताना कुणाचा हात अडखळला असेल का? केहिमकरांशी माझं खरं बोलणं यावर व्हायला हवं होतं.