आपल्या मताचं दिल्लीत काय झालं?

निवडणूक आली की आमच्या वरकुट्यात तीन प्रश्न ठरलेले असतात. रस्ता कधी, पाणी कधी आणि समाजमंदिरापुढच्या अंगणात फरशी कधी. उमेदवार येतो, हार घेतो, ‘जय भीम’ म्हणतो, तिन्ही प्रश्नांना ‘करून टाकू’ असं एकच उत्तर देतो आणि गाडीत बसतो. प्रश्न चुकीचे आहेत असं आम्ही म्हणत नाही. चिखल तुडवत शाळेत जाणाऱ्या पोरांना रस्ता हवाच. पण खासदाराला आपण दिल्लीला पाठवतो ते कायदे करायला, आणि त्या कामाचा हिशेब वस्तीत कुणी मागितल्याचं आम्हाला आठवत नाही. किराणा दुकानदाराने वहीत चार रुपये जास्त मांडले तर आपण दुकानाच्या पायरीवर उभं राहून भांडतो. इथं पाच वर्षांची उधारी असते आणि वही उघडायचं नाव नाही.

ती वही २०२४ साली एका पोरीने उघडली. इंदापूर हा बारामती लोकसभेतल्या सहा विधानसभा मतदारसंघांपैकी एक. ७ मे २०२४ ला मतदान होतं. त्या आधीच्या वर्षी राष्ट्रवादी फुटलेली, एका बाजूला सुप्रिया सुळे, दुसऱ्या बाजूला सुनेत्रा पवार. गावात, एस. टी. स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत एकच विषय : थोरल्या साहेबांकडे की दादांकडे? आपली वस्तीही त्यात वाहून चालली होती. रविवारी विहारात वंदना झाली आणि पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी आमच्या भावकीतली ही पोरगी उठली. हातात शंभर पानी वही. म्हणाली, “काका, घर कुणाचं फुटलं ते राहू द्या. २००९ पासून ताई आपल्या खासदार आहेत. त्यांनी आणि त्यांच्या पक्षाने लोकसभेत कुठल्या बाजूला मत दिलं, ते मी उतरवून आणलंय. वाचू का?”

तात्या म्हणाले, “वाच की. पण लवकर, उसाला पाणी सोडायचंय.”

तात्यांचं पाणी त्या दिवशी राहिलं.

पहिलं पान नागरिकत्व कायद्याचं. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत ते विधेयक ३११ विरुद्ध ८० असं मंजूर झालं. सुळे यांनी विरोधात भाषण केलं, त्यांचा पक्ष विरोधात गेला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काश्मीरवर चर्चा चालू असताना, आपल्या शेजारच्या बाकावर बसणारे फारूक अब्दुल्ला आज सभागृहात दिसत नाहीत, हे त्यांनीच सभागृहाच्या नजरेला आणलं होतं. मंडळींनी माना डोलावल्या. आम्हालाही बरं वाटलं. आपला माणूस बोलतो, पण कागदावर काय उमटतं ते पाहिल्याशिवाय बोलणं खरं धरू नये, असा आमचा स्वभाव. इथं दोन्ही जुळत होतं.

दुसऱ्या पानावर मात्र विहारात शांतता पसरली. ८ जानेवारी २०१९. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना दहा टक्के आरक्षण देणारी घटनादुरुस्ती. बाजूने ३२३, विरोधात ३. विरोध करणाऱ्या तिघांत हैदराबादचे ओवैसी आणि केरळच्या मुस्लिम लीगचे दोघे. महाराष्ट्रातला एकही नाही. राष्ट्रवादी काँग्रेसने पाठिंबा दिला होता.

हे वाचताना पोरीचा आवाज जरा बदलला, आणि तो का बदलला हे आम्हाला ठाऊक होतं. तिचा बाप एका कारखान्यात कामगार. वर्षाचं उत्पन्न दाखल्यावर दोन लाख सत्तर हजार आलं. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला तेव्हा अडीच लाखांची मर्यादा. फी माफ झाली, पण निर्वाह भत्ता गेला. खोलीचं भाडं आणि खानावळ बापाच्या पगारातून. आईने दोन वर्षं स्वतःला लुगडं घेतलं नाही. आणि या नव्या आरक्षणासाठी गरीब कुणाला म्हणायचं, तर ज्याचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे त्याला! त्यातून अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांतले गरीब सगळे वगळलेले.

“काका, आरक्षण वेगळं आणि शिष्यवृत्ती वेगळी, मला कळतं,” ती म्हणाली. “पण आठ लाखवाला गरीब आणि दोन लाख सत्तर हजारवाली मी गरीब नाही, हे मी आईला कसं समजावू?”

तात्यांचं म्हणणं व्यवहाराचं होतं. “तिघं विरोधात गेले म्हणून काय थांबलं? आणि ताई विरोधात गेल्या असत्या तर आपल्या मतदारसंघात त्यांना परत उभं राहू दिलं असतं का?” यात खोटं काही नाही. पण पुढं काय झालं तेही बघावं. ७ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती तीन विरुद्ध दोन अशा निकालाने वैध ठरवली. विरोधात गेलेल्या दोघांत तेव्हाचे सरन्यायाधीश लळित होते, आणि त्यांचा नेमका आक्षेप हाच की, आधीच मागास ठरलेल्या वर्गांतल्या गरिबांना बाहेर ठेवणं समतेच्या तत्त्वात बसत नाही. न्यायालयात पाचांपैकी दोघांना जे खटकलं, ते लोकसभेत सव्वातीनशेंपैकी फक्त तिघांच्या मतात उमटावं, हे आम्हाला पटत नाही. पाठिंबा द्यायचा तर द्या, पण आमच्या पोरीला का वगळलं एवढं विचारून द्या.

तिसरं पान उलटलं तर रकाना कोरा. वर लिहिलेलं : ॲट्रॉसिटी कायदा दुरुस्ती, ६ ऑगस्ट २०१८.

हा विषय वाचकांना नव्याने सांगायला नको. आपल्या शेजारच्याच जिल्ह्यातल्या, कराडच्या एका प्रकरणावरून २० मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कायद्याची धार बोथट केली. गुन्हा नोंदवण्याआधी चौकशी, अटकेआधी परवानगी. २ एप्रिलला भारत बंद झाला, माणसं मेली. मग सरकारने दुरुस्ती आणली. आपल्या दृष्टीने त्या पाच वर्षांतलं हे सगळ्यात मोठं विधेयक. आणि त्यावर कुणी कसं मत दिलं याची नावनिशी नोंदच नाही! विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं.

आक्कांनी विचारलं, “आवाजी म्हंजे?”

पोरीने सांगितलं ते आम्ही इथं देतो, कारण बऱ्याच शिकल्यासवरल्या माणसांनाही हे माहीत नसतं. अध्यक्ष विचारतात, बाजूने असतील त्यांनी ‘हो’ म्हणावं, विरोधात असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावं. आवाज ऐकून अध्यक्ष निकाल देतात. कुणी सदस्याने हरकत घेऊन मोजणी मागितली तरच मतविभाजन होतं आणि नावं कागदावर येतात. घटनादुरुस्ती असेल तर मात्र मोजल्याशिवाय गत्यंतर नाही, कारण घटनेच्या ३६८ व्या कलमाप्रमाणे हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश आणि शिवाय एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. बाबासाहेबांच्या घटनेने एवढी तरी तजवीज करून ठेवली. बाकीचे बहुतेक कायदे आवाजावर निघून जातात. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यसभेत शेतीच्या कायद्यांवर विरोधकांनी मोजणी मागितली, ती मिळाली नाही, गोंधळ झाला, आठ खासदार निलंबित झाले. पुढच्या वर्षी तेच कायदे मागे घेतले, तेही आवाजीच.

“म्हंजे भजनावानी,” आक्का म्हणाल्या. “कोन गातंय आन् कोन नुसतं तोंड हलवतंय, कळायचं न्हाई.”

आणखी एक कोरा रकाना होता. पदोन्नतीतल्या आरक्षणाची घटनादुरुस्ती. डिसेंबर २०१२ मध्ये राज्यसभेत २०६ विरुद्ध १० मतांनी मंजूर झाली. लोकसभेत मात्र मंत्र्याच्या हातातून कागद हिसकावण्यापर्यंत मजल गेली, मतदान झालंच नाही आणि २०१४ ला लोकसभा संपली तसं विधेयकही संपलं. विहारात मागे भिंतीला टेकून बसलेले एक गृहस्थ ज्या पदावर नोकरीला लागले, जवळपास त्याच पदावरून निवृत्त झाले. त्यांनी हे ऐकून फक्त चष्मा पुसला.

हे ऐकून तरुण पोरं म्हणायला लागली की मग वही ठेवून उपयोग काय? १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षाने व्हिप काढला की खासदाराने त्याप्रमाणेच मत द्यायचं, नाहीतर सदस्यत्व धोक्यात. मग हिशेब खासदाराचा मागायचा की पक्षाचा? आम्हाला वाटतं, दोघांचा. व्हिप मतावर असतो, भाषणावर नसतो, प्रश्न विचारण्यावर नसतो. आणि पक्षाचा व्हिप ठरतो त्या बैठकीत आपले खासदार काही परके नसतात.

एका मताला काय किंमत येते हे आपल्या समाजाने जवळून पाहिलेलं आहे. १९९८ साली काँग्रेसशी युती करून रिपब्लिकन पक्षाचे चार जण सर्वसाधारण जागांवरून लोकसभेत गेले. अकोल्याहून प्रकाश आंबेडकर, अमरावतीहून रा. सू. गवई, चिमूरहून जोगेंद्र कवाडे आणि मुंबईतून रामदास आठवले. बारामतीचे खासदार शरद पवार तेव्हा विरोधी पक्षनेते. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा पडला. विरोधी बाजूचा एक माणूस त्या दिवशी आजारी पडला असता तर बरोबरी झाली असती. त्या काळात आपल्या वस्त्यांतून लोक रेडिओला कान लावून बसले होते. पुढं त्या चौघांच्या वाटा कशा फुटल्या, ते वाचकांना ठाऊक आहे.

पण नुसतं मत पडून भागत नाही, हेही आपल्याइतकं कुणाला कळणार? २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत एकमताने झाला. बारामतीचे आमदार शरद पवार मुख्यमंत्री होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. एकमताने! एकाचाही हात विरोधात नाही. आणि त्यानंतर मराठवाड्यात आपली घरं जळाली, पोचीराम कांबळेंचा जीव गेला. नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामांतर नव्हे, नामविस्तार. त्याच्या दीडेक महिना आधी गौतम वाघमारेंनी नांदेडला स्वतःला जाळून घेतलं होतं. मधल्या काळात पवारांचं सरकार १९८० ला बरखास्त झालं हे खरं, पण १९८८ ते १९९१ ते पुन्हा मुख्यमंत्री होते आणि तेव्हाही नाव लागलं नाही. शेवटी लावलं तेही त्यांनीच, याचं श्रेय आम्ही नाकारत नाही. दोन्ही गोष्टी एकाच पानावर लिहाव्यात, एवढंच.

महिला आरक्षणाचं पान वाचलं तेव्हा आम्हाला हेच आठवलं. २० सप्टेंबर २०२३, ४५४ विरुद्ध २. ताईंनी पाठिंबा दिला. टाळ्या झाल्या. पण कायद्यातच अट घातलेली : आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग आरक्षण. आक्का म्हणाल्या, “म्हंजे ताट वाढलंय, पर चूल पेटायची हाय.”

तात्या त्यावर म्हणाले की महार वतनाचंही तसंच. बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १९२८ साली वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. ते सरकारनियुक्त सदस्य होते, पाठीशी पक्ष नाही, बहुमत नाही. पुढच्या वर्षी विधेयक मागे घ्यावं लागलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं कायद्याने नष्ट झाली ती १९५८ च्या कायद्याने, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. तात्यांच्या वडिलांनी खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन सांगावे पोचवले, मेलेली ढोरं ओढली. “विधेयक पडलं म्हणून सभागृहात सांगितलेलं वाया गेलं का?” तात्याच विचारत होते, मघाशी ‘तिघांनी काय थांबलं’ म्हणणारे. आम्ही काही बोललो नाही. पोरीने मात्र वहीत तारखेच्या जागी १९२८ लिहून घेतलं.

निकाल लागला. सुळे दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आल्या. आमच्या वस्तीने कुणाला दिलं हे विचारू नये, मतदान गुप्त असतं. एवढं सांगतो की त्या वर्षी घराघरांत भांडणं झाली ती पवारांवरून कमी आणि वहीवरून जास्त.

वही बंद झालेली नाही. एप्रिल २०२५ मध्ये वक्फ विधेयकाचं पान पडलं, २८८ विरुद्ध २३२. पोरगी आता आवाजी मतदानाच्या विधेयकांसमोर चर्चेत कोण काय बोललं ते लिहिते, म्हणजे रकाना अगदीच कोरा राहत नाही. आक्कांची थोरली लेक दुसऱ्या तालुक्यात दिलेली आहे, तिथं महिलांच्या राखीव जागेवर ती सदस्य आहे. दिवाळीला माहेरी आली तेव्हा तिला वही दाखवली. पोरीने सहज विचारलं, “आत्या, तुमच्या ग्रामपंचायतीत तुम्ही किती ठरावांना हात वर केला?”

ती म्हणाली, “मला कोणी ठराव वाचून कुठं दाखवतंय? शिपाई घरी वही आणतो, मी सही करते.”

आक्कांनी लेकीकडे पाहिलं आणि कपाटातून चाळीस पानी कोरी वही काढून तिच्या पिशवीत, शेवेच्या डब्याशेजारी घातली.